पिंपातलं तळं

मी लिहावं का, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तिथंही फार काही केलं असं नाही. प्राणिशास्त्राच्या विभागात माशांसाठी पाणी कालवलं, एवढंच. तेवढ्या भांडवलावर लिहायला बसलो, याबद्दल जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

विभागातल्या काचेच्या टाकीत आफ्रिकेतल्या एका तळ्याचे मासे होते, पिवळे, बोटाएवढे. त्या तळ्याचं पाणी क्षारांनी जड असतं. आता सोलापुरात जड पाण्याला काय तोटा? आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पण विभागातल्या मॅडम म्हणायच्या, बोअरमध्ये कोणते क्षार किती आहेत हे आपल्याला ठाऊक नाही, आणि ते बदलत राहतात. म्हणून मी फिल्टरच्या पाण्याचे जार खांद्यावरून वरच्या मजल्यावर न्यायचो आणि त्यात मोजून खायचा सोडा, एप्सम सॉल्ट आणि बिनआयोडीनचं मीठ घालायचो. प्रत्येक क्षार वेगळ्या मगात विरघळवायचा. कोरडेच एकत्र टाकले की पाणी पांढरं होतं. मग सगळं पिंपात ओतून, हवेची नळी सोडून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं.

आईला हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापता थापता हसली. "आदी पाण्यातलं मीठ काडायचं, मग परत घालायचं? लई येळ हाय की रं तुमच्या कॉलेजात."

कधी कधी मलाही तसंच वाटायचं. सोड्यानं हात कोरडे पडायचे, खांदा ठणकायचा, आणि टाकीतलं थोडं पाणी बदलून होतंय तोवर पुढच्या आठवड्याचे जार खाली येऊन उभे असायचे.

त्या उन्हाळ्यात एका मादीनं अंडी तोंडात घेतली. या माशांची रीतच तशी. पिल्लं पोहण्याजोगी होईपर्यंत, तीनेक आठवडे, मादी अंडी तोंडातच सांभाळते आणि काही खात नाही. पाणी बिघडलं किंवा ती बिथरली, तर अंडी गिळून टाकते. आधीच्या दोघींनी गिळली होती. हिनं तरी शेवटास न्यावं, एवढंच मला हवं होतं. जार चढवताना दुसरं काही डोक्यात नसायचं.

नेमका तेव्हाच घरी आबांचा पाय मोडला आणि मेंढरांमागं जायला मला गावी, मंद्रूपला यावं लागलं. निघताना पिंप काठोकाठ भरून झाकण लावलं आणि विभागातल्या शिपाईमामांना पाणी कसं बदलायचं ते दाखवलं.

"जावा तळ्याचं मालक," मामा म्हणाले. "तुमची बाळंतीण मी बघतो."

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. "आरं, तुजं पाणी संपलं की."

"संपलं कसं?"

"नळ आला न्हाई. हापिसातल्यांनी भरलेलं पिंप बघितलं आन् चहा टाकला. सायेब म्हनलं, ह्यो चहा हाय का साबन!"

"मग फेकून दिलं?"

"चहा फेकला. पाणी कोन फेकतंय? भांडी घासली त्यात."

मला रागावता येईना. आमच्याकडं झाकण लावलेलं भरलं पिंप म्हणजे पिण्याचं पाणी. त्यावर कुणी काही लिहीत नाही. मीही लिहिलं नव्हतं.

मेंढरं एकीकडं पांगत होती आणि मी एका कानावर हात ठेवून मामांना नवं पाणी करायला सांगत होतो. मगातला खडखडाट ऐकू येत होता. मग मामा म्हणाले, "ह्येचं तर ताक झालं की रं!" त्यांनी सगळं एकदमच टाकलं होतं.

"ते घालू नका मामा. दुसरं करा."

"आन् जार कोन आननार, तुजा..." तेवढ्यात रेंज गेली. परत लावला तर लागेना. नंतर दोन-चारदा लावला, तोही कुणी उचलला नाही.

आबा बाजेवर पाय लांब करून पडलेले असायचे. संध्याकाळी मी आलो की विचारायचे, "याली का रं तुजी मासळी?"

"अजून नाही."

"धीर धर. पयलटकरीन असंल."

मी दमलेला असायचो. हो म्हणून तिथंच आडवा व्हायचो.

एका दुपारी मेंढरं बाभळीखाली बसलेली असताना फोन वाजला. मामा खुशीत होते.

"ऐक, तुजी मासळी खायाला लागली!"

अजून तिचे दिवस भरले नव्हते. मी म्हणालो, "मामा, दगडांपाशी बघा जरा. बारकी पिल्लं दिसतायत का?"

फोन टाकीजवळ गेला असावा. हवेच्या पंपाची घरघर बराच वेळ ऐकू येत राहिली.

"न्हाई रं," मामा म्हणाले. "दगडाखाली बी बघितलं. काय न्हाई. पर खाती बग, लई खाती."