दाजींनी बंद केलेला डोंगर

गणपतदाजींनी सख्ख्या थोरल्या भावाला दोन हजारांचा दंड केला तो पोळ्याचा आदला दिवस होता. मारुतीच्या पारावर वनसमितीची माणसं, वनरक्षक बाई, कोंडिबादादा आणि माझ्या बहिणीला, अक्काला भेटायला बोरीजवळच्या त्या गावी गेलेला मी, एवढे हजर होतो. दाजी समितीचे अध्यक्ष. दादांची मेंढरं चराईबंदीच्या डोंगरावर सापडली होती.

"गण्या, लय मोठा साहेब झालास की रं," दादा म्हणाले.

"कायदा सगळ्याला सारखा हाय, दादा."

"मंग तुझ्या बायकोला बी कोंडवाड्यात घाल की. तीबी तिथलंच गवत कापायलीय."

पार हसला. दाजी हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अक्काचंही गवत कापणं बंद केलं.

दाजींना जाऊन आता सहा आठवडे झाले. गेलेल्या माणसाचं चांगलंच लिहावं म्हणतात, म्हणून चांगलं आधी लिहितो. बंदीआधी तो डोंगर खरडून काढल्यासारखा उघडा होता. बंदीनंतर तीन पावसाळ्यांत गवत कमरेला लागलं. तितर, ससे, खोकड परत आले. पहाटे दाजी मला वर घेऊन जायचे आणि तितर ओरडला की माझा दंड घट्ट धरायचे... इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर पोरांच्या लग्नातही पाहिला नाही. त्याच तीन वर्षांत दादांची मेंढरं चाऱ्यावाचून वाळली. दादांनी ती विकली आणि ते रोजंदारीला लागले. दोघं भाऊ एका गल्लीत राहून बोलेनासे झाले.

चौथ्या वर्षापासून डोंगर बिघडला. गवत कुणी खाईना, कुणी कापीना. जुनं वाळून जागेवर आडवं व्हायचं, त्यावर नवं पडायचं. चटईसारखा थर झाला आणि खालून कोवळं फुटेना. कडेनं घाणेरीची झुडपं पसरली. तितराच्या पिलांना पळायला मोकळी जमीन लागते, ती उरली नाही. सहाव्या वर्षी मी चार पहाटे वर गेलो, एकदाही तितर ऐकला नाही. वनरक्षक बाई माझ्यादेखत म्हणाल्या, "अध्यक्ष, दिवाळीनंतर दोन महिने मेंढरं सोडू द्या, गवत कापू द्या. मी वर कळवते. हे उन्हाळ्यात पेटलं तर आवरायचं नाही." डोंगर उतरताना दाजी मला म्हणाले, "अनंता, बाई खरं बोलायलीय. पर आता डोंगर उघडला तर लोक म्हणतील, मंग भावाला कशापायी उठवलंस?"

हे कळूनही त्यांनी डोंगर उघडला नाही. पुढं दोन दिवाळ्या गेल्या.

चैत्रात कुणीतरी शेताच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं गवत पेटवलं आणि वाऱ्यानं आग डोंगरावर नेली. अक्काचा फोन आला, "अनंता, डोंगर पेटलाय, अन् तुझे दाजी आग झोडपायला लिंबाचा डहाळा घेऊन वर गेलेत." तासाभरानं दुसरा फोन आला, तो दादांचा. "या पाव्हणं. आणलंय त्येला खाली." घाणेरीच्या जाळीपाशी पडलेल्या भावाला त्यांनी एकट्यानं पाठीवर घेऊन उतरवलं होतं.

राख सावडून झाल्यावर मी डोंगर चढलो. दगडांच्या सांदीत घोरपडी पाय आखडून कोळसा झाल्या होत्या. साळिंदराचे काटे एका जागी पडले होते, त्यात साळिंदर नव्हतं. उगवतीचा उतार तेवढा वाचला होता, आणि त्यावरही तसाच वाळलेला थर होता. तेरवी झाली तशी समिती बसली आणि तो उतार पावसाआधी चारून घ्यायचं ठरलं. दाजी असते तर ठरलं नसतं. पण गावात कळप राहिला नव्हता. म्हणून वालूरहून एक धनगर बोलावला. खतासाठी शेतात मेंढरं बसवायला देतात तसे त्याला पंधरा दिवसांचे दहा हजार ठरले. उताराची माहिती असलेला गडी त्याला हवा होता. तो त्यानं गावातूनच घेतला.

शेवटच्या दिवशी मी तिथं होतो. दादा काठी घेऊन परक्या मेंढरांमागं उभे होते. मी म्हणालो, "दादा, मजुरी समितीकडून मागायची. चार पैसे जास्त मिळाले असते."

"समितीत आता कोन हाय माझं?" ते म्हणाले.

समितीनं वालूरच्या धनगराला दहा हजार मोजून दिले. त्यानं त्यातले त्या दिवसाचे तीनशे कोंडिबादादांच्या हातावर ठेवले.