शेवटच्या बाकावरचे हेडसर

नोकरीच्या पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासाला, माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर एक पन्नाशीचा माणूस बसला होता. गुडघे बाकाखाली मावेनात म्हणून पाय बाजूला काढलेले, चपला दाराबाहेर, पुढ्यात पोरांसारखीच वही. कुणाचा तरी पालक असेल असं समजून मी बीजगणिताला हात घातला. बांद्याहून आलेला नवा कोरा पदवीधर मी. फळा भरून टाकला, मागे वळलो आणि ऐटीत विचारलं, “कळलं?”

“हो सर!” वर्गाने एका सुरात आरोळी ठोकली. तेवढ्यात मागून हात वर आला.

“सर, माका कळूंक ना.”

“आपण कोण?”

“हांव मळीक. हांगाचो हेडमास्तर. पूण आतां तुमचो विद्यार्थी. परत एकदां सांगात.”

माझे कान तापले. सकाळी कारकुनाने मला हजर करून घेतलं होतं, हेडमास्तरांची भेट व्हायची होती. ती ही अशी झाली. मी पुन्हा शिकवलं, चरफडत शिकवलं. तास संपल्यावर सर चपला पायात सरकवत म्हणाले, “दुसऱ्या फावटीं बरें शिकयलें तुमीं. राग आयलो म्हणून सावकाश उलयले.” वर त्यांनी एक वाक्य ऐकवलं, ते मला जन्मभर पुरलं. “मास्तर, ‘कळलं?’ हो प्रश्न न्हय. तो हुकूम. भुरगीं हुकूम पाळटात.” भुरगीं म्हणजे मुलं.

गोवा मुक्त होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती. पेडणे तालुक्यात, मोपाच्या पठाराखालच्या आमच्या गावात सरकारी हायस्कूल आलं, त्याला थोडाच काळ लोटला होता. इमारत होती, फळे होते, मास्तरही होते. फक्त दहावीला मुलं पास होत नव्हती. गावाचं म्हणणं, मुलांत दम नाही. मास्तरांचं म्हणणं, गावात दम नाही. मुलांना कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर ती ‘हो सर’ म्हणाली असती.

मळीक सर डिचोली तालुक्यातल्या मये गावचे. शाळेजवळ एका खोलीत एकटे राहत आणि शनिवारी दुपारी घरी जात. सोमवारी परत येताना पिशवीतून बायकोने केलेलं लोणचं आणि तळ्याकाठच्या गावगप्पा घेऊन येत. तसे ते विज्ञानाचे, पण बसायचे सगळ्यांच्या तासाला. इतिहासाच्या तासाला, दुपारच्या जेवणानंतर, त्यांना हमखास डुलकी लागे. आमचे इतिहासाचे नाईक सर एकदा रुसले, तेव्हा मळीक सर त्यांची समजूत काढत म्हणाले, “न्हीद आयली तातूंत तुमचो दोश ना हो. दोश बांगड्याच्या हुमणाचो.” माशाच्या कालवणावर खापर फुटल्यावर नाईक सर हसले, पण दुसऱ्या दिवसापासून लढाया जोरात लढू लागले.

स्टाफरूममध्ये त्यांच्यामागे थट्टा चालायची. ‘आज आमच्या वर्गात एक विद्यार्थी जास्त’ म्हणून आम्ही एकमेकांना सावध करायचो. एकदा मी धीर करून विचारलंच, “सर, तुम्हाला गणित येतं. मग मुद्दाम का विचारता?”

“हेडमास्तराकच कळना जालें म्हणटकच भुरग्यांनी लज कित्याक बाळगप?” ते म्हणाले. “प्रश्न बरो जालो, तर जाप आपसूक येता.” जाप म्हणजे उत्तर. हे वाक्य ते उठता-बसता म्हणायचे, आम्हाला पाठ झालं होतं.

पावसाळा सरला तरी वर्गात हात एकच वर होत होता, तो मळीक सरांचा. मग एक दिवस पुढून दुसऱ्या रांगेतून सुनंदा उठली. तिचा बाप सिंधुदुर्गातून आलेला, डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा, आठवड्यातून एकदा घरी येई. पोर उंच, काळीसावळी, बोलणं जेमतेम. पदराच्या वयाच्या मुलींना असतो तो सगळा संकोच तिच्या खांद्यांत होता. ती म्हणाली, “सर, माकाय कळाक नाय.” वर्ग हसायला लागला, तर मागून मळीक सरांचा आवाज आला, “आमी दोगां जालीं!” हसणं तिथेच विरलं. त्या आठवड्यात आणखी हात वर आले आणि मला कळलं, की मी जून महिन्यापासून हवेला शिकवत होतो.

याच सुमारास शिक्षण खात्याचे साहेब येऊन गेले. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. यंदाही दहावीचा निकाल असाच लागला तर इथली दहावी बंद, मुलांनी पेडण्याला जावं. मुलगे गेले असते चालत, सायकलने. मुली गेल्या नसत्या. सुनंदाच्या आईने तर आधीच सांगून टाकलं होतं, शाळा गावात आहे तोवर शिकवणार, पुढचं पुढे.

मळीक सरांनी शाळा सुटल्यावर जादा तास लावले. मुलगे थांबले; मुली घंटा झाली की दप्तर उचलून चालू लागल्या. पलीकडच्या वाड्याची वाट राखणदाराच्या जागेवरून जाते. गावची राखण करणारा तो अदृश्य रखवालदार तिन्हीसांजेला फिरतो, तेव्हा त्या वाटेने वयात आलेल्या मुलींनी जायचं नाही, ही गावची रीत. सर घरोघर फिरले. सुनंदाचा बाप शेवटी म्हणाला, “सर, तुमचां खोटां नाय. पण देवीक इचारूया. ती व्हय म्हणाली तर माजी काय हरकत नाय.”

देवीला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. स्टाफरूममध्ये कुजबुज झाली. विज्ञानाचा मास्तर कौल घेणार! सर शांतपणे म्हणाले, “आवय-बापूय जंय विश्वास दवरतात, थंय मास्तरान वचपाक जाय. ना जाल्यार तीं आमच्या दारांत कित्याक येतलीं?” आईबापांच्या देवळात मास्तर गेला नाही, तर आईबाप मास्तरच्या शाळेत का येतील, असा त्यांचा हिशोब.

सोमवारी सकाळी आम्ही सातेरीच्या देवळात जमलो. मुलींचे आईबाप, गुरव, कोपऱ्यात बसलेली देवळाची म्हातारी लक्ष्मीबाय, आणि मळीक सर धुतलेलं धोतर नेसून. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, “बाये, हीं भुरगीं सांजेक शिकपाक उरतलीं, तुजी राजी आसा?” सगळे पाकळ्यांकडे बघत राहिले. डावी पडली.

बायांनी सुटकेचा श्वास टाकला. सुनंदा खांबाला टेकून उभी होती, तिचा चेहरा मला बघवेना. मळीक सरांनी हात जोडले, नमस्कार केला आणि वर्गात करायचे तसा हात वर केला.

“गुरवानूं, माका कळूंक ना. देवीन कितें म्हळें?”

“सांजेक नाका म्हळें.”

“बरें. सकाळीं नाका म्हळें?”

गुरव गोंधळला. त्याने आईबापांकडे पाहिलं, आईबापांनी त्याच्याकडे. “तें कोणेंच विचारूंक ना,” तो म्हणाला.

“तर विचार मरे!”

पुन्हा पाकळ्या चिकटल्या, पुन्हा गाऱ्हाणं झालं. पहाटे पोदेराचा, म्हणजे पावविक्याचा, भोंपू वाजला, की भुरगीं शाळेत येतील, उजेडात परत जातील. या वेळी पाकळी लगेच उजवी पडली. लक्ष्मीबाय हसून हसून खोकायला लागली. “देवी पयलींच सांगपाची रे, पूण तुमी नीट विचारूंक जाय न्ही!”

परतताना मी सरांना म्हटलं, “तुम्हाला ठाऊक होतं उजवी पडणार.”

“कसलें ठावक!” ते म्हणाले. “आनी दुसरेय फावटीं डावी पडिल्ली जाल्यार दुपारचें विचारिल्लें.”

त्या हिवाळ्याची आठवण आली, की आजही मन भरून येतं. झुंजुमुंजू असताना पोदेराची सायकल पों-पों करत यायची आणि तिच्यामागोमाग धुक्यातून मुली यायच्या. सर आधीच येऊन जनेलं, म्हणजे खिडक्या, उघडून बसलेले असायचे. मी गणित घ्यायचो, ते विज्ञान. मध्येच सगळे मिळून पोदेराकडचे गरम उंडे पाव चहात बुडवून खायचे. पोदेर दारात थांबून धडा ऐकायचा आणि उरलेल्या गावाला पाव उशिरा मिळायचा, त्याबद्दल बोलणी मात्र मळीक सर खायचे. मुली विचारत काय सुटायच्या! माझी दोन-तीन उत्तरं चुकली, ती सुनंदाने हात वर करून दुरुस्त करून घेतली. नाईक सरसुद्धा थंडीत कुडकुडत आपणहून तास घ्यायला आले.

निकाल लागला तेव्हा गाव शाळेच्या पडवीत जमलं होतं. जवळजवळ सगळी मुलं पास झाली होती. दहावी गावातच राहिली. सुनंदाचा बाप ट्रक घेऊनच आला होता. त्याने मळीक सरांचे पाय धरले, तर सर मागे सरले. “पांय कित्याक धरतात? हात तिणें वयर केल्लो,” ते म्हणाले. मग डोळे पुसायला पाठ फिरवून उभे राहिले.

सर निवृत्त होऊन मयेला गेले. पुढे त्यांची खुर्ची माझ्याकडे आली आणि शेवटचा बाकही. सुनंदा म्हापशाच्या कॉलेजात शिकली, बी.एड. झाली आणि बदली मागून आमच्याच शाळेत विज्ञानाची बाई म्हणून आली.

सर गेले त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आम्ही त्यांना स्नेहसंमेलनाला बोलावलं. हातात काठी, कानाला कमी. हार-तुरे बाजूला सारून म्हणाले, “माका वर्ग दाखय.” मी त्यांना सुनंदाच्या तासाला नेलं. त्यांनी दाराशी चपला काढल्या, शेवटच्या बाकावर बसले आणि पाय बाजूला काढले. सुनंदा पाण्याच्या पेल्यात पेन्सिल बुडवून ती वाकडी का दिसते ते शिकवत होती. सरांना बघून तिने मान लववली आणि ती शिकवत राहिली. मधल्या रांगेतली एक चिमुरडी, हा म्हातारा कोण याचा पत्ता नसलेली, सहज उठून म्हणाली, “बाई, माका कळूंक ना.” कुणी हसलं नाही. सुनंदाने पेला तिच्या बाकावर नेऊन ठेवला आणि पुन्हा समजावलं.

मग मागून तो जुना हात वर आला.

सुनंदा म्हणाली, “विचारा, सर.”

“विचारूंक कांय ना, बाय,” मळीक सर म्हणाले. “माका कळलें.”