पोकळीचा फोटो

नदीत उतरून पुलांचे खांब तपासायचे, हा त्याचा तीस वर्षांचा धंदा, आणि एवढ्या वर्षांत त्याला डोळे मिटून काम करायची सवय लागली होती. उघडे ठेवून उपयोगच नव्हता. जरा खाली गेलं की पाणी गढूळ चहासारखं, आणि तळाशी तर स्वतःचा हात नाकाला लागला तरच कळायचं की तो जागेवर आहे. तो बोटांनी बघायचा. काँक्रीटवरून तळवा फिरवून तडा किती लांब, किती जुना, हे सांगायचा, आणि ते कधी खोटं निघालं नव्हतं. होडीत बसून त्याची दोरी धरणाऱ्या मेहुण्याने म्हणूनच त्याला चाचपडे म्हणायला सुरुवात केली. नाव इतकं चिकटलं की ऑफिसातले नवे लोक ते त्याचं आडनावच समजत.

पुरामुळे बंद केलेला मोठा पूल दीड महिन्याने, सोमवारी सकाळी आठ वाजता, बसगाड्यांसाठी उघडायचा होता. शेवटची तपासणी म्हणून चाचपडे बुधवारी पाण्यात उतरला. पहिले दोन खांब ठणठणीत होते. तिसऱ्याच्या पायाशी मात्र त्याचा हात भिंत सोडून आत गेला. मनगट गेलं, कोपर गेलं, शेवटी खांदा काँक्रीटला टेकला, तरी बोटांना काही लागेना. खांबाखालचा तळच पुराने खरवडून नेला होता. वर येताच त्याने मेहुण्याला होडी काठाला लावायला सांगितली. आठची पहिली बस त्याची मुलगीच नेणार होती.

"हात घातला मी, साहेब," ऑफिसात त्याने सांगितलं. "खाली काही नाहीये."

साहेब नवे होते. पुढ्यात छापील फॉर्म होता आणि त्यात एक रकाना होता: दोष असल्यास फोटो.

"हात काही फॉर्मला जोडता येत नाही," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. "फोटो आणा, मी स्वतः पूल बंद करतो. फोटो नसेल तर रकाना कोरा, आणि रकाना कोरा म्हणजे दोष नाही. वर काय दाखवू मी, तुमची बोटं?"

आधीचे साहेब त्याच्या एका शब्दावर गाड्या थांबवायचे. चाचपडे जिना उतरला तेव्हा त्याला रागापेक्षा लाज वाटत होती, म्हातारपणी कोणीतरी खोटारडं म्हणावं तशी.

गुरुवारी तो पाण्याखालच्या फोटोंचं सामान मिळणाऱ्या दुकानात गेला. भिंतीवर समुद्रातल्या रंगीत माशांचे मोठमोठे फोटो होते. दुकानदार उत्साही गडी होता.

"मासे काढायचेत की प्रवाळ?"

"खांब," चाचपडे म्हणाला.

"पाण्यात किती लांबचं दिसतं?"

"नाही दिसत. तिथं मासेसुद्धा चाचपडत जातात."

दुकानदार हसला, पण मग त्याने मनापासून एकेक वस्तू काढली. एवढासा कॅमेरा, दर दोन सेकंदांनी आपला आपण फोटो घेणारा. त्याची जाड पाणबंद पेटी. पेटीच्या दाराला रबराची रिंग; तिच्यावर केस जरी अडकला तरी पाणी आत शिरून सगळं फुकट, हे त्याने तीनदा बजावलं. रुंद लेन्स, म्हणजे जवळूनही जास्त भाग मावतो. आणि दिवे. "अंधार आहे म्हणताय ना? मग दिव्यात काटकसर नको." चाचपडेने सगळ्यात दणकट दिवे घेतले. त्या पैशांत या वर्षी पाण्यातला नवा सूट यायचा होता, जुना कोपराला फाटला होता. राहिला.

शुक्रवारचे सगळे फोटो पांढरे आले. दणकट दिव्यांनी खांब उजळलाच नाही, मधला गाळ तेवढा उजळला. धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावावेत तसं झालं. त्याने दुकानदाराला फोन केला.

"काका, कुठलाही कॅमेरा मधल्या पाण्यातूनच बघणार," तो बिचारा ओशाळून म्हणाला. "पाणी स्वच्छ हवं."

पाणी स्वच्छ हवं! नदीला सांगा म्हणावं. चाचपडे रस्त्याच्या कडेला तसाच उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काही सुचत नव्हतं. समोर शोभेचे मासे विकण्याचं दुकान होतं, आणि त्यातून एक बाई पाण्याने फुगलेली पिशवी घेऊन बाहेर पडली. आतला मासा खवल्यांसकट दिसत होता. चाचपडे त्या पिशवीकडे इतका वेळ टक लावून बघत राहिला की बाईंनी चाल वाढवली.

शनिवारी त्याने तसलीच मोठी, जाड पिशवी आणली, नळाच्या पाण्याने भरली आणि तिचं तोंड कॅमेऱ्याच्या पेटीवर घट्ट बांधलं. खाली जाऊन पिशवी खांबावर दाबली की गढूळ पाणी बाजूला, मधे नळाचं.

"तीस वर्षं नदीत जातोय, आणि आता पाणी घेऊन चाललाय," मेहुणा म्हणाला.

पण फोटो आले. काँक्रीटचा खडान्‌खडा दिसत होता. पोकळीच्या काठापर्यंत सगळं स्वच्छ, आणि पुढे काळं. नुसतं काळं.

रविवारी साहेबांनी घरच्या दारातच ते बघितले. "हे काय? लेन्सवर बोट आलंय तुमचं."

"पोकळी आहे ती, साहेब."

"काळ्याचा फोटो म्हणजे फोटो नव्हे हो. उद्या मला विचारतील, दिवा बंद होता का."

जे नाहीच त्याचा फोटो कसा काढायचा? संध्याकाळी स्वयंपाकघरात मुलगी डबा घासत होती. तिच्यामागे उभं राहून त्याने अक्षरशः विनवणी केली. "उद्या रजा टाक. एकच दिवस."

"बाबा, मी रजा टाकली तर दुसरं कोणीतरी बस नेईल. चाळीस माणसं त्यातही असतीलच." तिने नळ बंद केला. "आणि डेपोत काय सांगू, बाबांच्या बोटांना असं वाटतंय?"

तिचा विश्वास नव्हता असं नाही. विश्वास असूनही ती बस नेणार होती.

सोमवारी उजाडताच तो होडीत बसला.

"काठी घेऊन जा ना, भावोजी. आत खुपसून काढा फोटो."

"काठी मोडकी होती म्हणतील," चाचपडे म्हणाला आणि उतरला.

त्याने उजवा हात पोकळीत खांद्यापर्यंत घातला आणि डाव्या हाताने पिशवी खांद्यावर आणि काठावर मिळून दाबली. मऊ पिशवी हाताभोवती बसली. तो मनात आकडे मोजू लागला. दर दोन आकड्यांना एक फोटो. साठापर्यंत मोजायचं ठरवलं होतं. चाळिसाला आतलं पाणी ओढ देऊ लागलं आणि उघडी पडलेली एक सळई फाट्या कोपरात घुसली. हात मागे येईना. मेहुण्याला खूण म्हणून दोरीला झटका द्यायला पिशवी सोडावी लागली असती. तो भ्यायला, सरळ सरळ भ्यायला, आणि तरी साठापर्यंत मोजत राहिला. मग पाय खांबाला लावून त्याने हात खेचला. कातडं तिथेच राहिलं.

आठला दहा मिनिटं कमी असताना तो ओल्या सुटात काठाच्या पायऱ्या चढून फाटकाशी आला. तीन बसगाड्या इंजिनं चालू ठेवून उभ्या होत्या. पहिलीच्या खिडकीतून मुलीने डोकं बाहेर काढलं. "बाबा, काय चाललंय?"

 निथळती पेटी उघडून त्याने कॅमेरा फाटकाशी उभ्या असलेल्या साहेबांच्या नाकापुढे धरला. पडद्यावर पांढुरकं काँक्रीट होतं, त्याचा झिजलेला काठ होता, आणि काठाखाली खांद्यापर्यंत गेलेली काळी बाही. साहेबांनी फोटो मोठा केला, मग परत लहान केला.

"हात कुठाय?"

"आत."

साहेबांनी त्याच्या कोपराकडे बघितलं. तिथून रक्त बोटांपर्यंत आलं होतं आणि डांबरावर थेंब पडत होते. मग ते वळले आणि फाटकावरच्या माणसाला म्हणाले, "उघडू नकोस. गाड्या मागे घ्यायला सांग." परत चाचपडेकडे वळून म्हणाले, "कॅमेरा चांगला घेतलात."

"हात बुधवारचाच आहे, साहेब," चाचपडे म्हणाला.

बसमधले प्रवासी कुरकुरू लागले. कोणाला ऑफिस गाठायचं होतं, कोणाला दवाखाना. मुलीने इंजिन बंद केलं, प्रथमोपचाराची पेटी घेऊन ती खाली उतरली आणि बापाला बसच्या पायरीवर बसवून त्याची बाही कापू लागली. आत चाळीस माणसं त्याच्या नावाने बोटं मोडत होती, चाळीसच्या चाळीस, धडधाकट. चाचपडे ते ऐकत राहिला आणि त्याला रडू आवरेना.