जोडी तीन वेळा वापरून या

लोकांकडे शेजाऱ्यांचे परत न केलेले डबे साठतात, माझ्याकडे किस्से साठतात. शाळेतून रिटायर झाले आणि विरारजवळ बोळिंजच्या फ्लॅटमध्ये दर शनिवारी मोठ्यांसाठी इंग्रजीचा क्लास सुरू केला, तेव्हापासून जागाच उरलेली नाही!

माझी पद्धत सोपी. इंग्रजीत शब्द जोडीने फिरतात. चहा 'स्ट्राँग' असतो, पाऊस 'हेवी' असतो. म्हणून आठवड्याला एकच जोडी द्यायची. ती खऱ्या प्रसंगात तीन वेळा वापरायची आणि शनिवारी येऊन सांगायचं. प्रसंग खरा हवा, ही अट मीच घातली. भोगतेय.

बहुतेक जण हौसेने येतात. सेलिन आंटी तशा नव्हेत. जवळच्या निर्मळ गावात त्यांची केळीची आणि मोगऱ्याची वाडी आहे. मुलगा नेल्सन कॅनडात, सून एमा तिकडचीच. नेल्सनला वाडी विकायची आहे, आंटींना नाही. एमाला मराठी येत नाही, त्यामुळे व्हिडिओ कॉलवर दोघींच्या मधे दुभाषा कोण? नेल्सन! "मी नाय म्हणते, मिस, आणि तिकडे एमा खूश होऊन मान हलवते," आंटी पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "मला तिच्याशी डायरेक्ट बोलायचंय."

*

पहिली जोडी होती 'स्ट्राँग ऑब्जेक्शन'. आमच्याच बिल्डिंगमधल्या सावंतांनी ती सोसायटीच्या मीटिंगला नेली. एकदा पार्किंगवर वापरली, एकदा लिफ्टवर. तिसरा मुद्दाच निघेना. शेवटी सेक्रेटरी आभार मानायला उभे राहिले.

सावंत ताडकन उठले. "स्ट्राँग ऑब्जेक्शन!"

आमच्या सोसायटीत आभार अजून स्थगित आहेत.

*

'हार्टफेल्ट कन्डोलन्सेस' दिली ती चूक माझीच. क्लासमधला मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह राऊत दोन अनोळखी माणसांच्या दहाव्याला जाऊन आला. तिसरं कोणी मिळेना. तेवढ्यात त्याच्या मित्राला विरारच्या नव्या टॉवरमध्ये फ्लॅटचा ताबा मिळाला. अठरावा मजला, पाणी टँकरचं.

राऊतने पेढा खाल्ला आणि मित्राचा हात हातात घेतला. "हार्टफेल्ट कन्डोलन्सेस."

मित्राचे डोळे भरून आले. "थँक यू रे! बाकी सगळे नुसतं अभिनंदन करून गेले."

मी राऊतला पूर्ण मार्क दिले.

*

'सिन्सिअर अपॉलॉजी'च्या आठवड्यात सावंतांनी सोमवारी बायकोची माफी मागितली. कारण काहीच नाही. मंगळवारी पुन्हा. बुधवारी सावंतबाईंनी त्यांचा फोन तपासला आणि कणकवलीहून बहिणीला बोलावून घेतलं. गुरुवारी मला फोन.

"मॅडम, खरं सांगा, काय केलंय ह्यांनी?"

"अहो, होमवर्क आहे तो!"

मग म्हणाल्या, "असं होय. मग पुढच्या आठवड्यात 'गोल्ड बँगल्स' ही जोडी शिकवा. तीन वेळा वापरायला सांगा."

*

मीही सुटले नाही. 'ऑनेस्ट ओपिनियन' दिली, तेव्हा सेलिन आंटींनी डबाभर पोर्कचं इंद्याल आणलं आणि माझं ऑनेस्ट ओपिनियन मागितलं. मी खरोखरच दिलं. पुढचे दोन शनिवार नेहमीची वाडीतली केळी आली नाहीत.

*

नाताळला नेल्सन आणि एमा आले. त्या आठवड्याची जोडी होती 'फायनल डिसिजन'. शनिवारी आंटी वेळेआधीच हजर. नेल्सनने ब्रोकरला घरी बोलावलंय हे निर्मळच्या दवाखान्यांत फिरणाऱ्या राऊतने आधीच सांगितलं होतं, म्हणून मी पहिल्यांदा त्यांनाच बोलायला सांगितलं.

"ओट्यावर सगळे बसलेलो," आंटी सांगू लागल्या. "ब्रोकरने कागद काढले. नेल्सन एमाला म्हणतो, 'मम्मी इज व्हेरी हॅपी टू सेल.' आता मला कळतं ना! मी उठले. म्हटलं, 'एमा, माय वाडी. नो सेल. फायनल डिसिजन.'"

"मग?"

"नेल्सन हसला. तिला म्हणाला, 'शी इज जोकिंग.' मग मी एमाचा हात धरला आणि तिला विहिरीपाशी नेलं. माझ्या नवऱ्याने लावलेली झाडं दाखवली, एकेक. म्हटलं, 'माय हजबंड प्लँट. आय स्टे हिअर. फायनल डिसिजन.' ती नुसती झाडांकडे बघत उभी. परत आलो तर ब्रोकर पेन उघडून बसलेला."

सावंत आणि राऊत पुढे सरकून ऐकत होते. माझी मास्तरकीची खोड मात्र जाईना.

"आंटी, ही दोनच वेळा झाली. तिसऱ्यांदा कधी वापरलीत?"

"तिसऱ्यांदा मी नाय बोलले, मिस," आंटी म्हणाल्या. "एमा बोलली. नेल्सनला."