सोळाव्या खांबापाशी उभी राहिलेली मुलगी

त्या पुरातन महादेवाच्या देवळात सोळा खांब. पंधरांवर नर्तकी, हत्ती आणि वेलींची नुसती दाटी. सोळावा मात्र कोरा करकरीत. त्या कोऱ्या खांबावर मास्तरांनी तीस वर्षं संसार केला. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं; पाहुण्यांना देऊळ दाखवताना छत्री छडीसारखी रोखायचे, म्हणून मास्तर.

दंतकथा जुनीच. राजाने कारागिराचा अपमान केला, कारागीर छिन्नी टाकून निघून गेला, संपलं. पण मास्तरांच्या तेव्हा सहा वर्षांच्या असलेल्या लेकीने ती ऐकून भोकाड पसरलं, "तो उपाशीच गेला?" तिचं रडं थांबवायला मास्तरांनी कारागिराला उभ्या उभ्या एक मुलगी देऊन टाकली. ती डबा घेऊन आली, "बाबा, चला घरी" म्हणाली, आणि बाप राजाला विसरून तिचं बोट धरून निघाला. लेक हसली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनीही डोळे पुसले. मग काय, मुलीने देवळात कायमचा मुक्काम ठोकला.

आणि आता पुरातत्त्व खात्याच्या मॅडम वही घेऊन दारात उभ्या होत्या. देवळासमोर दगडी फलक बसणार होता.

"ही मुलगी आमच्या कुठल्याच कागदात नाही," त्या म्हणाल्या. "पुरावा नसेल तर पाहुण्यांना सांगणं बंद करा."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. मुलगी काढली तर उरतं काय? एक रागीट माणूस आणि एक बोडका खांब. ते ऐकायला कोण थांबणार?

पण मंडळी धावून आली. फुलवाली ठासून म्हणाली, "अहो, माझी आजेसासू सांगायची!" पुजारीबुवांनी मुलीचं गोत्रसुद्धा सांगितलं. चपला सांभाळणाऱ्या आजोबांनी तर कडीच केली, "डबा ठेवला ती पायरी ही बघा." कुणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं. तीस वर्षं रोज कानावर पडलेली गोष्ट, प्रत्येकाला आपल्याच घरातली वाटत होती. मॅडम भराभर लिहू लागल्या : पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कथा.

मास्तरांना आधी गुदगुल्या झाल्या, मग दगडी फलक आठवला. तोंडची थाप वाऱ्यावर जाते, दगडात कोरलेली नातवंडांनाही फसवते.

"मॅडम, थांबा. यांचा काही दोष नाही. ही मुलगी मी घुसडली."

त्यांनी सगळं सांगून टाकलं. फुलवालीने कपाळावर हात मारला. पुजारीबुवांना अचानक गाभाऱ्यातलं काम आठवलं. मॅडमनी हसू दाबत ते वाक्य खोडलं.

"फलकावर ती येणार नाही. तुम्ही खुशाल सांगा, पण आणली कुणी तेही सांगायचं."

दुपारी बसभर पाहुणे आले. मास्तरांनी कथा रंगवली, लोकांचे डोळे पाणावले, आणि घसा खाकरून ते म्हणाले, "खरं सांगतो. मूळ कथेत ही मुलगी नाही. माझी लेक रडत होती, म्हणून मी घातली."

दोघा-तिघांनी रुमाल परत खिशात घातले. आटोपला आपला कारभार, मास्तरांना वाटलं.

मागून एक आजीबाई वाट काढत पुढे आल्या. "कारागीर राहू द्या हो. तुमची लेक आता कुठे असते?"

तीस वर्षांत हे मास्तरांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी छत्री खांबाला टेकवली. मग बोलू लागले ते थांबेचनात, आणि बस अर्धा तास उशिरा सुटली.