सुभेदारकाका आणि गैरहजर पॅड

आमच्या वरच्या मजल्यावरच्या सुभेदारकाकांना शरण आणेल असं यंत्र अजून कुठल्याही कारखान्यात तयार झालेलं नाही. हा साताऱ्याकडचा गडी फौजेतून निवृत्त होऊन इथेच जयपुरात, मानसरोवर वसाहतीत राहिला, पण हुकूम सोडायची सवय काही निवृत्त झाली नाही. लिफ्ट बंद पडली की जिना चढणं त्यांना माघार वाटते. दुरुस्तीवाला येईपर्यंत ते लिफ्टच्या दारापुढे खुर्ची टाकून ठाण मांडतात. फोनने पासवर्ड चुकीचा ठरवला, तर तोच पासवर्ड पुन्हा, जरा जोर लावून दाबतात. वर फोनलाच दरडावतात, "मतलब क्या है तुम्हारा?"

काकू सांगानेरच्या कापडावर ठसे उमटवणाऱ्या कारागिरांसाठी संगणकावर बुट्ट्यांची नक्षी काढायच्या. त्यांचा जुना प्रोग्राम नव्या लॅपटॉपवर चालेना, म्हणून मी, आयटीतला शेजारी, त्या लॅपटॉपच्या आतच जुन्या विंडोजचं एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या पोटात दुसरा संगणक, थाटून दिलं. काका त्याला 'भाडेकरू' म्हणतात. काकूंचं चित्र काढायचं यूएसबी पॅडही मी त्याला जोडून दिलं होतं. मग काकू लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला गेल्या आणि पॅड पिशवीत घालून घेऊन गेल्या. बाळ रांगायला लागलं तरी त्या परतल्या नाहीत. लेकीचं म्हणणं, जयपूरचं घर विका आणि बाबा, तुम्हीच इकडे या. काकांचं एकच उत्तर, "तीच येईल!"

इकडे एका कारागिराला जुनी नक्षी हवी होती आणि भाडेकरू काही केल्या उठेना. यूएसबी पॅड सापडत नाही, एवढंच सांगून गप्प बसे. मी म्हटलं, "काका, सोपं आहे. सेटिंगमधून पॅडचं नाव काढून टाकतो."

ते ताडकन उठले. "हजेरीला जवान दिसला न्हाई म्हनून त्याचं नाव खोडत्यात व्हय रं? नाव निघनार न्हाई!"

"आणि नक्षी?"

"ऱ्हाऊ दे अडून!"

शेवटी मी नाव ठेवलं आणि सक्ती तेवढी उठवली: पॅड असेल तर जोडून घे, नसेल तर त्याच्याविना सुरू हो. यादीत नाव शाबूत असल्याची खात्री करूनच काकांनी मला बटण दाबू दिलं. मशीन सुरू झालं. कोपऱ्यात फक्त 'पॅड जोडलेलं नाही' अशी सूचना आली. "रजेवर हाय," काकांनी तिला बजावलं.

मागच्या आठवड्यात नागपूरहून पार्सल आलं. काम अडू नये म्हणून काकूंनी पॅड पाठवून दिलं होतं. स्वतःच्या येण्याबद्दल अक्षर नाही. मी वायर जोडायला गेलो, तर काकांनी पॅड माझ्या हातून काढून घेतलं, फडक्यात गुंडाळलं आणि कपाटात काकूंच्या साड्यांखाली ठेवलं.

"लावायचं न्हाई," ते म्हणाले. आवाज चढवायला गेले, पण तो मध्येच बसला. "ती लावंल. आल्यावर."

मला फार वाईट वाटलं. "बरं काका," एवढंच म्हणून मी पार्सलचं रिकामं खोकं उचललं आणि खाली उतरलो.