खैरुनबाईंनी न जोडलेली तार

चंद्रपुरात माझ्या खोलीसमोर खैरुनबाईंचं शेगडी दुरुस्तीचं दुकान आहे. आठ फूट बाय सहा. ते त्यांचे पती इब्राहीमभाई यांनी सुरू केलं. पुढे भाईंचे हात थरथरायला लागले, स्क्रू धरवेना. तेव्हा बाईंनी हत्यारं घेतली. पहिलं वर्षभर गिऱ्हाईक विचारायचं, "भाई कुठी गेले?" बाई सांगायच्या, "भाई आतमंदी आहेत. शेगडी इथी ठेवा." आणि स्वतःच दुरुस्त करून द्यायच्या. त्याला बावीस वर्षं झाली. आता भाईंना कोणी विचारत नाही.

मी माजरीच्या खाणीत पस्तीस वर्षं काढली, त्यातली अठरा पंख्यावर. खाणीच्या तोंडाशी मोठा पंखा असतो. आतली खराब हवा ओढून तो बाहेर टाकतो. तो थांबला की काम बंद, माणसं बाहेर. रिटायर झाल्यावर बसून अंग जड झालं. बाईंना शिडी धरायला माणूस पाहिजे होता, मी गेलो. तीन महिने त्यांनी मला शिडीशिवाय कशालाही हात लावू दिला नाही. बरोबरच होतं ते.

दिवाळीच्या आधी बाईंनी आरमोरीच्या एका मुलींच्या वसतिगृहात पाणी तापवायचा मोठा गॅस हिटर बसवला. हा साधा हिटर नाही. याच्या डोक्यावर पंखा असतो. बटण दाबलं की आधी पंखा फिरतो आणि जळालेली हवा पाइपातून भिंतीबाहेर ढकलतो. पंखा तिच्यात गार हवाही मिसळतो, म्हणून पाइप प्लास्टिकचा असला तरी चालतो. शेजारी एक लहान डबी असते. पाइपातून हवा खरोखर जाते आहे हे तिला दाबावरून कळतं. कळलं तरच ती वीज पुढे जाऊ देते. मग ठिणगी, मग गॅस. हवा अडली की डबी वीज तोडते आणि गॅस बंद होतो. लाइट गेली तरी तेच. जळालेली हवा खोलीत साचली तर तिला वास नसतो, रंग नसतो. न्हाणीतला माणूस गुंगतो आणि उठत नाही. ते होऊ नये म्हणून ही डबी.

डिसेंबरात तक्रार आली. चौसष्ट मुली, आठ-आठच्या तुकड्या. पहिल्या तीन तुकड्यांना गरम पाणी मिळायचं, मग हिटर बंद. बाकीच्या चाळीस जणी थंड पाण्यानं न्हायच्या, आणि आरमोरीची थंडी हाडात शिरते. आम्ही दोनदा गेलो. दोन्ही वेळा दुपारी. हिटर दोन-दोन तास बिनतक्रार चालला.

मग संस्थेचे सचिव देवराव यांचा फोन आला. बाईंनी स्पीकर लावला.

"बाई, आमचा लाइनवाला कुलदीप म्हणते, त्या डबीच्या दोन तारा एकमेकाले जोडल्या का झालं. दोन मिनटाचं काम. तुमी जोडा, नाई तं तो जोडते."

"मी नाई जोडत. त्यालेही जोडू देऊ नका."

"काऊन? पोरी कुडकुडून राह्यल्या."

"कुडकुडलेली पोरगी शाळेत तं जाते, भाऊ. मले उद्याची एक सकाळ द्या. नाई सापडलं तं मशीन काढून घेऊन जातो, पैसे वापस. पन तार जोडाची नाई."

देवराव म्हणाले, "साडेसहाले मी येतो. कुलदीपले घेऊनच येतो."

बसमध्ये बाई एकच वाक्य बोलल्या. "आपुन दुपारी गेलो, हेच चुकलं. बिघाड सकाळी होते तं सकाळीच पाहाले पाह्यजे."

रात्री वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आडवे झालो, पाचला उठलो. बाईंनी गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी आणली होती. ती वाकवून भिंतीला बांधली, आत निळीचं पाणी भरलं, एक टोक पंख्यापासून डबीत येणाऱ्या रबरी नळीला जोडलं. पंखा फिरला की नळीच्या एका बाजूचं पाणी वर चढतं आणि दुसऱ्या बाजूचं उतरतं. दोन्हींत जितका फरक तितका पाइपातून जाणाऱ्या हवेचा जोर. खाणीत असाच पाण्याचा काटा असायचा, तो मी रोज वाचायचो. म्हणून वाचायचं काम मला मिळालं.

पहिली तुकडी न्हायली. फरक बोटभर. दुसरी न्हायली. बोटभर. तिसरी आत गेली आणि पाणी सरकायला लागलं.

"कमी होऊन राह्यलं," मी म्हणालो.

"पंखा तोच, लाइट तीच. म्हंजे बाहेरच काही तरी हाय. मुखरूभाऊ, नळीवरून नजर हलवू नका." बाई बाहेर गेल्या.

फरक अर्धं बोट झाला. डबी टक् वाजली, जाळ विझला. पंखा फिरतच होता. भिंतीपलीकडून बाईंचा आवाज आला. "आता?"

"पाव बोट."

थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग, "आता?"

पाणी झटकन चढलं. "बोटभर."

पलीकडे बाई हसल्या. मी गेलो.

मागच्या बोळात दोन खिडक्यांना बांबू बांधलेला. त्यावर निळे स्कर्ट, दुहेरी, तिहेरी. पाइपाच्या तोंडावर चढवलेला स्वेटर आता बाईंच्या हातात होता. समोर नववीतली नूतन चिमटे घेऊन उभी.

"इथी गरम हवा येते, बाई," ती म्हणाली. "दहापर्यंत ड्रेस वाळाले पाह्यजे ना."

"आन् काढून कधी घेता?"

"साताले. वॉर्डन मॅडम यायच्या आधी."

"तुही आंघोळ कोनत्या तुकडीत?"

"दुसऱ्या."

मागे चौथ्या तुकडीतल्या मुली बादल्या घेऊन आल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "म्हंजे हिच्या स्कर्टापाई आमी महिनाभर बर्फात न्हावून राह्यलो. नूतनताई, उद्या तुही बादली मी भरतो, थंड्या पान्याची."

"समोर ऊन येते, तिथी काऊन नाई वाळवत?" बाईंनी विचारलं.

"समोर रस्ता हाय. सरांनं मना केलं."

तेवढ्यात सर आलेच. देवराव आणि मागे पक्कड घेतलेला कुलदीप.

"सापडला का बिघाड?"

"मशीनमंदी बिघाड नाई, भाऊ. ते आपलं काम करून राह्यलं होतं."

बाईंनी हिटर लावला. जाळ पेटला. मग मला बाहेर पाठवून पाइपाच्या तोंडावर ओला बारदाना धरायला लावला. आत कुलदीपनं मोठ्यानं आकडे मोजले. चारवर जाळ गेला. बारदाना काढला, जाळ आला. असं तीनदा केलं.

"आता सांगा," बाई देवरावांना म्हणाल्या, "तार जोडली असती आन् बाहेर स्कर्ट असते, तं जाळ चालूच राह्यला असता. ही जळालेली हवा कुठी गेली असती?"

देवरावांनी न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. हिटरची खोली आणि न्हाणीघर यांच्यात वर जाळी आहे. आतून मुलींचा गोंधळ ऐकू येत होता.

मग म्हणाले, "कपडे समोर वाळवा. रस्त्यावरचे लोक पाह्यतील तं पाह्यतील."

त्या दिवशी चौसष्टच्या चौसष्ट मुली गरम पाण्यानं न्हायल्या. बाईंनी पाइपाच्या तोंडापुढे हातभर अंतरावर लोखंडी जाळी ठोकली. आता तिथे रुमालही लटकत नाही.

आम्ही हत्यारं बांधत होतो. कुलदीप जवळ आला. आवाज खाली.

"बाई, संस्थेचं पोरायचं वसतिगृह हाय ना, कुरखेड्याकडं. तिथीही असाच हिटर हाय. मागच्या वर्षी बंद पडे. मी तार जोडली."

बाईंच्या हातातला पाना थांबला. "फोन लाव. गॅसचा कॉक बंद करा म्हन. आत्ताच."

फोन लागला. कॉक बंद झाल्याचं तिकडच्या माणसाकडून दोनदा वदवून घेतलं. मग देवरावांच्या गाडीत बसलो. साडेनऊला पोचलो. पाइपात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं होतं, मुठीएवढं. हवा जायला करंगळीएवढी वाट उरली होती. तिथल्या पोरांचं नशीब एवढंच की न्हाणीची खिडकी फुटलेली होती.

बाईंनी पक्कड कुलदीपच्या हातात दिली. "तूच जोडली. तूच काप."

त्यानं तार कापली आणि डबीच्या दोन्ही तारा त्यांच्या जागी बसवल्या. मग बाह्या वर करून पाइपातली माती खरवडली, शेवटचा कण निघेपर्यंत. अर्धा तास लागला. बाईंनी एकदाही मदत केली नाही, मलाही करू दिली नाही.

अकराला बटण दाबलं. पंखा फिरला, डबी वाजली, निळा जाळ लागला. कुलदीप जमिनीवर बसून त्याच्याकडे पाहत राहिला. बाई म्हणाल्या, "आता बारदाना आन. तू धर, मी मोजतो."